सर, कोणता कॉम्प्युटर घ्यायचा?

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी माझा एक जुना विद्यार्थी मुलीला घेऊन घरी आला. एस.टी.त कंडक्टर आहे. शाळेत इतिहासात जेमतेम पास व्हायचा, पण माणूस सरळ. मुलगी नुकतीच बारावी झाली आहे. तिच्या वहीच्या मागच्या पानांवर बैलांची चित्रे होती, एका पानावर चालणारा बैल आठ-दहा वेळा काढलेला. चालताना बैल कुठल्या पायावर वजन टाकतो हे त्या पोरीला कोणी न शिकवता कळले आहे. तिला ॲनिमेशन आणि व्हीएफएक्स शिकायचे आहे.

बापाने खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. जिल्ह्याच्या गावातल्या एका संस्थेच्या 'समुपदेशका'ने तो दिलेला होता. वर कोर्सची फी, खाली 'आवश्यक साहित्य' असे लिहून एका विशिष्ट कंपनीचा लॅपटॉप आणि त्याची किंमत, दोन लाख तीस हजार रुपये. कोर्सच्या फीपेक्षा यंत्राचा आकडा मोठा!

"सर, सोसायटीतून कर्ज मिळतंय. थोडं हिच्या आईचं सोनं आहे. तुम्ही फक्त सांगा, हाच कॉम्प्युटर घ्यायचा ना?"

आता मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेला, मराठी आणि इतिहास शिकवून निवृत्त झालेला, पंचाहत्तरीकडे झुकलेला माणूस. मला काय कळते ग्राफिक्समधले? पण आमच्याकडे अजूनही एक समजूत आहे की सरांना सगळे कळते. ती समजूत लगेच मोडायला मन होईना. मी म्हटले, "अरे, पंधरा दिवस दे मला. तोवर एक रुपयाही कुणाला देऊ नकोस."

ते पंधरा दिवस मी वाचन केले. मुंबईत याच धंद्यात असलेल्या माझ्या दोन माजी विद्यार्थ्यांचे फोनवरून डोके खाल्ले. त्यातून जे मत झाले ते इथे मांडतो आहे. मत तिखट आहे, आणि ते कुणा एका कंपनीविरुद्ध नाही. शिकणाऱ्या मुलाच्या हातात आधी कर्जाचे यंत्र आणि मग कला द्यायची, या उलट्या रीतीविरुद्ध आहे.

आधी थोडा इतिहास. तो माझा विषय, त्यामुळे वाचकांनी सहन करावा.

संगणकाच्या राज्यांचा इतिहास वाचताना मला सारखी आपली मध्ययुगीन घराणी आठवत होती. १९९० साली अमेरिकेत 'व्हिडिओ टोस्टर' नावाचे एक साधन निघाले. ते कमोडोर कंपनीच्या 'अमिगा' संगणकात बसवायचे. टीव्ही स्टुडिओत लाखो डॉलर्सची यंत्रसामग्री जे काम करी, त्यातले बरेचसे ते काही हजारांत करू लागले. १९९३ मध्ये आलेल्या 'बॅबिलॉन ५' या मालिकेची अंतराळयाने सुरुवातीला याच अमिगावर घडली. तेव्हा कुणी विचारले असते तर जाणकारांनी डोळे मिटून अमिगाच सांगितला असता. १९९४ च्या एप्रिलमध्ये कमोडोर बुडाली.

त्याच काळात सिनेमाच्या दुनियेत सिंहासनावर होती सिलिकॉन ग्राफिक्स. 'ज्युरासिक पार्क' (१९९३) मधले डायनासोर याच कंपनीच्या यंत्रांवर चालायला शिकले. एकेका यंत्राची किंमत घराएवढी. ही यंत्रे 'आयरिक्स' नावाच्या युनिक्स प्रणालीवर चालत. 'माया' हे आजही स्टुडिओंत वापरले जाणारे सॉफ्टवेअर १९९८ मध्ये आले ते सिलिकॉन ग्राफिक्सच्याच पोटातल्या एका कंपनीकडून. पडद्यावर त्रिमिती चित्र काढण्याची 'ओपनजीएल' ही जी सर्वमान्य पद्धत झाली, तीही १९९२ मध्ये यांनीच दिली. आणि शेवट काय झाला? २००६ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज, २००९ मध्ये पुन्हा दिवाळखोरी आणि विक्री. कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यू इथे त्यांचे जे मुख्यालय होते, तिथे आज गूगल बसते. शनिवारवाड्यावर कुणाचा झेंडा कधी चढला हे शिकवण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला यात नवल वाटले नाही.

हे राज्य कुणी बुडवले? कुठल्या बड्या शत्रूने नव्हे. साध्या पीसीमध्ये बसणारी ग्राफिक्स कार्डे दरवर्षी सुधारत गेली आणि घराएवढ्या किमतीच्या यंत्राचे काम दुचाकीच्या किमतीत होऊ लागले. 'टायटॅनिक' (१९९७) च्या वेळी डिजिटल डोमेन या कंपनीने चित्रे रेंडर करण्यासाठी शंभराहून अधिक यंत्रांवर फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली चालवली. रेंडर करणे म्हणजे मांडलेल्या दृश्यावरून प्रकाश-सावलीसह एकेक चौकट रंगवून काढणे. 'टॉय स्टोरी' (१९९५) च्या वेळी हे काम सन मायक्रोसिस्टिम्सच्या ११७ यंत्रांनी केले. ती सन कंपनीही २०१० मध्ये ओरॅकलने गिळली.

म्हणजे जे लोक या कलेचे बादशहा, त्यांनी कधीही एका यंत्राशी लग्न लावले नाही. ज्या वेळी जे परवडले, जे कामाला आले, ते घेतले आणि पुढे गेले. 'व्यावसायिक लोक हेच वापरतात' या वाक्यावर दोन लाख तीस हजारांची इमारत उभी करणाऱ्यांना माझा पहिला प्रश्न हा की, कुठले व्यावसायिक, कुठल्या वर्षी?

आता यावर कुणी म्हणेल, सर, कंपन्या बुडतातच, त्यात काय? यंत्र जुने झाले की नवे घ्यायचे. खरे आहे. यंत्र गेल्याचे दुःख मलाही नाही. दुःख आहे ते यंत्राबरोबर काम जाते त्याचे.

'सॉफ्टइमेज' हे नाव घ्या. ज्युरासिक पार्कच्या डायनासोरांना चाल दिली ती या सॉफ्टवेअरने. १९९४ मध्ये ते मायक्रोसॉफ्टने घेतले, १९९८ मध्ये ॲविडकडे गेले, २००८ मध्ये ऑटोडेस्कने विकत घेतले आणि २०१४ मध्ये जाहीर केले की आता बंद. 'शेक' नावाचे चित्रांचे थर जुळवणारे सॉफ्टवेअर होते, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'साठी वापरलेले. २००२ मध्ये ॲपलने ती कंपनी घेतली, विंडोजवरची आवृत्ती बंद केली आणि २००९ मध्ये सगळेच बंद केले. 'फ्रीहँड'वर हात बसलेल्या चित्रकारांचे तेच झाले. २००५ मध्ये मॅक्रोमीडिया ॲडोबीकडे गेली आणि २००७ मध्ये फ्रीहँडची वाढ थांबवल्याचे कळवण्यात आले. २०११ मध्ये ॲपलचे फायनल कट प्रो नव्या रूपात आले तेव्हा त्यात आधीच्या आवृत्तीची कामे उघडतच नव्हती. संकलकांनी केवढा आरडाओरडा केला होता तेव्हा!

या प्रत्येक ठिकाणी माणसाने दहा-बारा वर्षे घालवून कमावलेला हात एका पत्रकाने निकामी झाला. हात पुन्हा वळवता येतो, पण केलेल्या कामाचे काय? ते ज्या कुलपात ठेवले त्याची किल्लीच वितळवून टाकली तर?

हे मी पुस्तकी सांगत नाही. मी स्वतः पोळलो आहे. १९९८ मध्ये आमच्या शाळेचा सुवर्णमहोत्सव झाला. त्याच्या स्मरणिकेसाठी मी गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी घेतल्या होत्या. सायकलवरून वाड्या-वस्त्यांवर हिंडून, एकेकाच्या ओसरीवर बसून लिहून आणलेल्या. पहिल्या तुकडीचे विद्यार्थी, शाळेसाठी दगड वाहिलेली माणसे, पहिली मुलगी शाळेत आली त्या दिवशीची तिच्याच तोंडची हकिगत. जागेअभावी स्मरणिकेत निम्मेही छापले नाही, पण टंकलेखन सगळ्याचे करून घेतले. प्रेसवाल्याने सीडी दिली. कागदाचे बाड मी रद्दीत दिले. घरात म्हणालो, "आता संगणकात आहे ना सगळं, कागद कशाला जपायचे?"

२०१५ मध्ये ते पुस्तकरूपाने काढावे असे मनात आले. सीडी बाहेर काढली. ज्या सॉफ्टवेअरमध्ये पाने मांडली होती ते नव्या संगणकावर चढेना. प्रेस केव्हाच बंद झाला होता. एका मुलाने खटपट करून मजकूर बाहेर काढला तर सगळी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. त्या काळच्या फॉन्टची युक्ती अशी होती की, आत साठवलेले असे रोमन अक्षर आणि पडद्यावर दिसे देवनागरी. तो फॉन्ट आहे तोवर मराठी, तो नसला की कचरा. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून हक्काची जागा होती, पण आपल्या छपाईच्या दुकानांपर्यंत ती पोचायला पुढची कितीतरी वर्षे गेली. रूपांतर करून पाहिले. जोडाक्षरे फुटली, रफार भलतीकडे गेले, दोन फाइली तर उघडल्याच नाहीत. त्या दोनांपैकी एकीत ती पहिल्या मुलीची हकिगत होती. ती बाई २००४ मध्ये गेली.

प्रेसवाल्याची यात चूक नव्हती, तो त्या काळी सगळे करत तेच करत होता. चूक माझी. हे काम उद्या दुसऱ्या संगणकावर उघडेल का, हा एक प्रश्न मी विचारला नाही. म्हणून आज तो प्रश्न मी दुसऱ्यांच्या वतीने विचारत सुटलो आहे.

तर आता तीन पंथांकडे वळतो. या विषयात वारकरी-शैव वादापेक्षा कडवे तीन पंथ आहेत हे मला या पंधरा दिवसांत कळले.

पहिला मॅकवाल्यांचा. त्यांचे म्हणणे खोटे नाही. पडदा उत्तम, रंग विश्वासाचे, वीज कमी खाणारे, घडण देखणी. २०२० पासून ॲपलने स्वतःच्या चिप घातल्या, त्यात मुख्य मेमरी आणि ग्राफिक्सची मेमरी एकच असल्यामुळे मोठे दृश्य मावते. छपाईची मांडणी, चित्रफितीचे संकलन, फिरतीवर काम असेल तर यंत्र झकास आहे. पण याच कंपनीने १९९४, २००६ आणि २०२० अशी तीन वेळा चिपांची जातच बदलली आणि प्रत्येक वेळी जुन्या सॉफ्टवेअरला काही वर्षांनी दार दाखवले. २०१८ मध्ये ओपनजीएलला 'आता यावर विसंबू नका' असे सांगितले. एनव्हिडियाची नवी कार्डे त्याच वर्षीच्या प्रणालीपासून चालेनाशी झाली, आणि त्रिमिती रेंडरिंगची पुष्कळ सोय एनव्हिडियाच्या २००७ मध्ये आलेल्या 'कुडा' या पद्धतीवर उभी आहे. '३डीएस मॅक्स' मॅकवर चालतच नाही. आणि त्यांच्या लॅपटॉपची मेमरी घेताना घ्याल तेवढीच, पुढे वाढवायची सोय नाही. श्रीमंत स्टुडिओला हे सगळे चालते, तो दर तीन-चार वर्षांनी बदलतो. कंडक्टरच्या मुलीला चालेल का?

दुसरा विंडोजवाल्यांचा. यांचा युक्तिवाद साधा: सगळे सॉफ्टवेअर चालते, कार्ड हवे ते घाला, बिघडले तर तालुक्यातच दुरुस्त होते. हे तिन्ही मुद्दे खरे आहेत आणि माझ्या लेखी तिसऱ्याला सर्वांत जास्त किंमत आहे. पण आपल्याकडे विंडोज रुजले ते या गुणांनी की चोरीच्या सीडींनी, हे एकदा छातीवर हात ठेवून सांगा. पन्नास रुपयांच्या सीडीत लाखाचे सॉफ्टवेअर मिळत होते म्हणून आमच्या तालुक्यातला प्रत्येक डीटीपीवाला त्या प्लॅटफॉर्मवर गेला. मी तरी काय वेगळा? शाळेच्या संगणकासाठी तशी एक सीडी मीच आणली होती, आणि दुसऱ्या तासाला मूल्यशिक्षण शिकवले होते. २०१३ मध्ये ॲडोबीने एकरकमी विक्रीचा रस्ता सोडून दरमहा भाड्याचा धरला, तेव्हा चोरीच्या पायावर उभे असलेले धंदे गांगरले. भाडे भरले नाही की सॉफ्टवेअर बंद. शिवाय १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला, आणि चांगले चालणारे कितीतरी जुने संगणक विंडोज ११ अधिकृतपणे घेत नाही.

तिसरा लिनक्सवाल्यांचा, आणि हे सर्वांत सोवळे. यांच्याकडे मोठा पुरावा आहे. हॉलिवूडच्या बड्या स्टुडिओंत माया, हुडिनी, न्यूक ही सॉफ्टवेअर मुख्यतः लिनक्सवर चालतात. आयरिक्सही युनिक्स आणि लिनक्सही युनिक्सच्या वळणाचे, म्हणून सिलिकॉन ग्राफिक्स ढासळू लागल्यावर तिथली मंडळी आपला बाडबिस्तरा घेऊन सहज इकडे आली. पण त्या स्टुडिओंत यंत्रे सांभाळायला पगारी माणसे असतात. फोटोशॉप आणि आफ्टर इफेक्ट्स लिनक्ससाठी निघतच नाहीत, आणि आपल्याकडच्या लहान जाहिरात-कंपनीत नवख्या मुलीला पहिले काम मिळेल ते बहुधा त्यावरच. तेव्हा घरी एकटीने शिकणाऱ्या मुलीला पहिल्याच दिवशी सोवळे नेसवण्यात अर्थ नाही.

तरी या पंथाची एक गोष्ट मला फार पटली. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाले की, अनेक स्टुडिओ ज्यावर विसंबून होते त्या 'सेंटओएस'ची आठवी आवृत्ती २०२१ अखेर बंद होणार. म्हणजे इथेही गाशा गुंडाळला गेलाच. पण मूळ रचना उघडी असल्यामुळे दुसऱ्या लोकांनी लगोलग 'रॉकी' आणि 'अल्मा' या नावांनी तिची जागा भरली. राज्य गेले, पण रयतेच्या सातबाऱ्याला धक्का लागला नाही.

'ब्लेंडर'ची कथाही अशीच. २००२ मध्ये ते बनवणारी डच कंपनी बुडाली. जनक टॉन रोझेंडाल यांनी लोकांकडे एक लाख युरो मागितले, सात आठवड्यांत ते जमले आणि ऑक्टोबर २००२ मध्ये ब्लेंडर सर्वांसाठी खुले झाले. सॉफ्टइमेजची कंपनी विकली गेली आणि सॉफ्टइमेज संपले. ब्लेंडरची कंपनी बुडाली आणि ब्लेंडर वाढले. 'फ्लो' हा लाटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोडिस यांचा चित्रपट (२०२४) ब्लेंडरमध्ये केलेला आहे, त्याची अंतिम चित्रे दिग्दर्शकाच्या स्वतःच्या पीसीवर रेंडर झाली, आणि २०२५ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. ब्लेंडर विंडोजवर, मॅकवर आणि लिनक्सवर, तिन्हीकडे फुकट चालते.

म्हणून माझे म्हणणे असे की, 'कोणता प्लॅटफॉर्म चांगला' हा प्रश्नच चुकीच्या टोकाने विचारला जातो. ज्यातून उद्या आपले काम घेऊन बाहेर पडता येते, तो चांगला.

हे त्या समुपदेशकालाही मी फोन करून सांगितले. गृहस्थ सभ्य होते. त्यांनी तीन आक्षेप घेतले, ते प्रामाणिकपणे देतो.

पहिला आक्षेप: "सर, नोकरीत माया विचारतात, ब्लेंडर नाही." बरोबर आहे, मोठ्या स्टुडिओंत अजून तसेच आहे. पण माया तिन्ही प्रणालींवर चालते आणि विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी फुकट मिळते. मग त्यासाठी अमुकच लॅपटॉप कशाला? शिवाय मुंबईतला माझा विद्यार्थी म्हणाला ते त्यांना ऐकवले: "सर, आमच्याकडे कामाला आलेल्या मुलाला घरी कोणता लॅपटॉप आहे हे कुणी विचारत नाही. शोरील बघतात. यंत्र कंपनी देते."

दुसरा आक्षेप: "स्वस्त यंत्रावर मूल रडतं, शिकायचं सोडून देतं." हाही खरा. हलक्या लॅपटॉपवर त्रिमिती काम म्हणजे अर्धा तास वाट पाहणे आणि पाच मिनिटे शिकणे. म्हणूनच मी 'काहीही चालेल' असे म्हणणाऱ्यांतला नाही. पण पुरेसे यंत्र आणि मिरवायचे यंत्र यांत फरक आहे, आणि तो फरक या घरात आईच्या गळ्यातून निघणार आहे.

तिसरा आक्षेप त्यांनी ठेवणीतला काढला. "सर, दादासाहेब फाळक्यांनीसुद्धा बायकोचे दागिने विकून कॅमेरा घेतला होता ना?"

इथे मात्र ते माझ्या अंगणात आले. मी म्हटले, क्रम नीट लावू या. लंडनला जाण्यासाठी फाळक्यांनी आपल्या विमा पॉलिसी गहाण टाकल्या, १९१२ मध्ये. तिथून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा मागवला. पण त्याआधी हा माणूस मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेला होता, छायाचित्रे काढून आणि छापखाना चालवून त्याचे हात तयार झालेले होते. आणि परत आल्यावर भांडवल देणाऱ्यांना पटवायला त्यांनी काय केले? कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा लावला आणि महिनाभर थोडेथोडे चित्रण करून मिनिटभराची फिल्म केली, अंकुर फुटून वेल वर चढतो तेवढीच. सरस्वतीबाईंचे दागिने गेले ते त्या माणसाचा हात सिद्ध झाल्यावर. तुम्ही अठरा वर्षांच्या पोरीच्या आईचे दागिने मागता आहात तिने पहिला चेंडू टप्पा खाताना दाखवण्याच्याही आधी. फाळक्यांचे नाव यात नको.

समुपदेशक हसले आणि म्हणाले, "सर, आमचं टायअप आहे." निदान खरे तरी बोलले. पण कागदावर 'आवश्यक साहित्य' लिहितात, 'आमचे टायअप आहे' असे लिहीत नाहीत. माझे भांडण त्या एका शब्दाशी आहे. बापाला 'आवश्यक' हा शब्द वाचता येतो, त्याच्यामागे काय आहे ते वाचता येत नाही. शिकलेल्या माणसाने शब्द असा वापरणे याला मी फसवणूकच म्हणतो.

पंधरा दिवसांनी बापलेक पुन्हा आले. मी त्यांना कागदावर लिहून दिले ते असे. टेबलावरचा, जोडून घेतलेला संगणक घ्या, विंडोजचा, परवाना रीतसर विकत घेऊन. मेमरी ३२ जीबी, कार्ड एनव्हिडियाचे, त्याची स्वतःची मेमरी निदान ८ जीबी आणि जमल्यास १२. पुढे मेमरी वाढवायला जागा मोकळी ठेवायला सांगा. पडदा घेताना कंजुषी करू नका, कारण यंत्र बदलले तरी तो राहतो. चित्रकामाची साधी पेन-टॅबलेट. इन्व्हर्टर, कारण आमच्याकडे वीज कधी जाईल ते महावितरणलाही सांगता येत नाही. आणि दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्क, एक घरात आणि एक मामाकडे, दर महिन्याला सगळे काम दोन्हींवर उतरवायचे. या सगळ्याचा हिशेब त्या कागदावरच्या आकड्याच्या निम्म्याच्या आसपास बसला. पहिले वर्ष ब्लेंडर, क्रिटा आणि इंकस्केप. एका कोपऱ्यात लिनक्सही घालून ठेव, म्हणजे पुढे मोठ्या स्टुडिओत गेलीस तर बावरणार नाहीस.

मुलीला वेगळे सांगितले. प्रत्येक काम संपले की त्याची एक प्रत अशा स्वरूपात ठेवायची जे कुणा एका कंपनीच्या मालकीचे नाही. चित्रे पीएनजीत, रेषांची चित्रे एसव्हीजीत. सिनेमाच्या दर्जाच्या चौकटी ओपनईएक्सआरमध्ये, जे इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकने २००३ मध्ये खुले केले. त्रिमिती दृश्ये यूएसडीत, जे पिक्सारने २०१६ मध्ये खुले केले. ज्यांच्याकडे सगळे काही आहे त्या बड्यांनीही आपले सामान कुलपाबाहेर ठेवायची सोय करून घेतली, यातच सगळे आले. आणि मराठी लिहायचे ते युनिकोडमध्येच. हे शेवटचे मी दोनदा सांगितले. का ते तिला स्मरणिकेच्या गोष्टीसकट सांगितले.

बाप थोडा हिरमुसला. त्याला वाटत होते की महागडे यंत्र घेतले तरच आपण मुलीसाठी काही केले. डेपोतल्या मित्रांना सांगायलाही बरे. ते मला समजते. मी म्हटले, "अरे, उरलेले पैसे तसेच ठेव. वर्षभराने तिचं काम बघू. तेव्हा मोठं यंत्र लागलं तर मी स्वतः तुझ्याबरोबर सोसायटीत येईन." मुलगी एवढेच म्हणाली, "सर, बैल करायचाय मला. चालणारा." कोर्सचे काय करायचे ते अजून ठरलेले नाही. दुसऱ्या एका संस्थेत चौकशी चालू आहे, तिथे स्वतःचे यंत्र आणायची अट नाही.

या लेखावर तिन्ही पंथांचे लोक तुटून पडतील याची मला कल्पना आहे. जरूर पडावे. माझ्या तांत्रिक चुका असतील तर दाखवाव्यात, मी दुरुस्त करीन. पण उत्तर देण्यापूर्वी एवढे करा. तुमची सर्वांत जुनी, २००० सालच्या आसपासची एखादी फाइल शोधा आणि आजच्या यंत्रावर उघडून पाहा. उघडली तर कशामुळे उघडली ते लिहा. नाही उघडली तर तेही लिहा.

माझी ती सीडी अजून कपाटात आहे. टाकवत नाही. त्या दोन फाइली कुणाला उघडता आल्या तर मला फार बरे वाटेल.

असो. बैल चालायला लागला की कळवीन.